मानस

पहिल्याच निबंधात कुलासो मिसना
अकरा ‘द’ कमी सापडले.
लाल नाही, हिरव्या शाईने
ओळीओळीत काकपदं,
चिखलातून कावळा चालून गेल्यासारखी.

विषय होता: घराजवळची एक जागा, पाचशे शब्द.
मी चोडणची मानस लिहिली होती,
खाजनाच्या बांधातली,
बाबा जिची पावणी घेतात ती.

आमच्यात घर म्हटलं की घर.
कुठलं, ते ऐकणाऱ्याला कळतं,
नाही कळलं तर त्याचं आपल्याकडे काम नसतं.
इथे प्रत्येक नामाच्या दारात
आधी हा एवढासा शब्द उभा करायचा,
मग आत जायचं.

ग्रंथालयात मराठी कोश उघडला.
मानस: मन, अंतःकरण. एक सरोवर.
दाराचं नावही नाही.
इंग्रजी कोशात मिळाला तो शब्द
बाटली विसळल्यासारखा वाजला,
मी तो लिहून खोडला.

वर्गात मोठ्याने वाचायचं होतं.
दोना पावलाच्या रेनाल्डोने विचारलं,
मराठीत याचा अर्थ काय?
मी सांगितला.
म्हणजे तुझे बाबा दर वर्षी
लिलावात एक मन विकत घेतात?
सगळे हसले. मीही.
फेरीबोटीत मात्र पाण्याकडे बघत
ते वाक्य मी परत परत म्हणून पाहिलं.

मिस हसल्या नव्हत्या.
त्यांनी दुसऱ्या परिच्छेदावर बोट ठेवलं:
दिवा लावला जातो.
जाळं बांधलं जातं.
सुंगटं धरली जातात.
समासात एकच हिरवा शब्द: कोण?

कोण, ते मला ठाऊक होतं.
प्रवेशाच्या फॉर्मवर सही करताना
ज्याने पेन हातात तीनदा फिरवलं तो.
इंग्लिश तुला येतंच की,
मग परत तेच शिकतेस ते काय,
असं विचारणारा.
व्याकरण वापरून मी त्याला
वाक्याबाहेर ठेवला होता.

अमावास्येला वही घेऊन बांधावर गेले.
भरती चढली की दारं आपली आपण मिटतात,
ओसरली की उघडतात,
कुणी ढकलावं लागत नाही,
एवढं मी आधीही लिहिलं होतं.
हे नव्हतं लिहिलं:
पाणी फिरायच्या थोडं आधी
बाबा लाकडावर पंजा टेकून बसतात,
तापाच्या पोराची नाडी बघावी तसे,
आणि त्या वेळात
कुणाशी बोलत नाहीत. विडीसुद्धा विझते.

काय लिहितेस?
तुम्हाला.
म्हाका? हांवें कितें केलां?

दुसरा खर्डा सातशे शब्दांचा झाला.
मानस हा शब्द तसाच ठेवला,
तिरका नाही, तळटीप नाही.
मिसनी त्याच्या आधी काकपद काढून
वर लिहिलं: द.
एवढंच.
बाबांनी कागद दिव्याजवळ धरला,
त्या अक्षरांवर नख ठेवलं. हे काय?
म्हटलं, ‘तीच’. दुसरी कुठली नव्हे.
हं, म्हणाले, आणि कागद घडी न घालता
परत दिला.

मे महिन्यात पावणी चढली,
मानस रायबंदरच्या कुणीतरी घेतली.
बाबा हल्ली दुसऱ्याच्या होडीवर जातात.
अंतिम प्रत द्यायला दोन दिवस होते.
मिसना विचारलं,
क्रियापदं सगळी भूतकाळात घालू का?

त्यांनी चष्मा पदराने पुसला, बराच वेळ.
दार अजून उघडतं ना?
उघडतं.
मग राहू दे.
आणि तिसरं पान नीट बघ,
भरतीच्या स्पेलिंगात घोटाळा केलायस,
भरतीच्या जागी सगळीकडे तू
‘बांधलेला’ लिहून ठेवलंयस.